तेल परत का येत नव्हतं

ठमे,

इंजिनातलं तेल टाकीत परत का येत नव्हतं, ते आज सकाळी सापडलं. तू बसवलेला पंप चोख आहे. त्याच्याखालचं कागदी पॅकिंग मी कापलं होतं आणि त्याचं भोक बाजूला सरकलं होतं. तेलाची परतीची वाटच त्यानं बुजली, म्हणून सगळं तेल इंजिनाच्या तळाशी साचत होतं. तुझ्यावर उगाच आगपाखड केली. धसमुसळी म्हणालो, तेही मागे घेतो. चूक माझ्या नजरेची. आजसुद्धा ते भोक मला बोटानं चाचपूनच कळलं.

पॅकिंगचा नवा कागद बाकावर ठेवलाय. या वेळी तू काप. आधी तळाचं तेल काढून टाक. गाडी सुरू केलीस की टाकीचं झाकण उघडून बघ. परत येणारी धार दिसली, की खुशाल फेरी मारून ये.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालोय. याआधीही दोनदा गेलो होतो, तुला बोललो नाही. यापुढे गाडी तूच चालवायचीस.

संध्याकाळी ताट घेऊन खोलीत जाऊ नकोस. आठ दिवस झाले, या घरात मी एकटाच बोलतोय.

बाबा