मीराची तांबी

३ फेब्रु., मंगळ.
बालाजी उपकेंद्रात आला, मीराचा नवरा. मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. मीराचा हेल्थ आयडी उघडलेला. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवल्याची नोंद, तारीख, आमचं उपकेंद्र. "सिस्टर, हे काय हाय?" दोन मुली आहेत. मुलगा का होत नाही म्हणून तो आणि त्याची आई वर्षभर तिला देवाला नेतायत.
मी म्हणाले, "ते वरून आपोआप येतं. आमच्या हातात काय नाय."
खोटं.

४ फेब्रु.
निदान इथं तरी खरं लिहावं. तांबी बसवली तेव्हा मीरा म्हणाली होती, घरी कळू देऊ नका. मी हो म्हणाले होते. मग डिसेंबरात तालुक्याच्या मीटिंगला सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, गावाचे हेल्थ आयडी जोडण्यात मी सगळ्यात मागं म्हणून. चार दिवसांत गाव उरकलं. मीराकडं स्वतःचा मोबाइल नाही, बालाजीचाच नंबर टाकला. ओटीपी त्यानंच वाचून दाखवला. जुन्या नोंदी जोडायला संमती आहे का, असा प्रश्न आला. मीरा आत भाकरी करत होती. हाक मारली असती तर आली असती. मीच टिक केली.
प्रशिक्षणात हेच तर सांगितलं होतं, माहिती पेशंटची, विचारल्याशिवाय...

६, शुक्र.
गावच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, म्हणाल्या, बालाजीनं मीराला उमरग्याला खासगीत नेऊन तांबी काढून आणली. मारलं का, विचारलं. "मारलं न्हाय म्हणत्यात. पण सासू बोलंना झालीय. पोरी लई गप हायत."
माझा जेवणाचा डबा तसाच घरी परत.

९, सोम.
लसीकरण. मीरा धाकटीला घेऊन आली. मला मान वर करवेना. तीच म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाय, सिस्टर. मोबाइलनंच घोळ केला म्हणत्यात."
सिरिंज भरली. मग सांगितलं. मोबाइलनं नाही, मी. तुला न विचारता.
ती पोरीचं झबलं नीट करत राहिली. जाताना, "इचारलं असतं तर म्या नको म्हणलं असतं. एवढंच व्हतं."

१२, गुरु.
मीराच्या आयडीवरचा नंबर बदलायला आधारचा ओटीपी लागतो. आधारलाही बालाजीचाच नंबर. नोंदी बंद करायच्या तरी त्याच मोबाइलवरून. नोंदी बंद करून द्या म्हणून आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सरांना अर्ज दिला. आधी 'नजरचुकीने' लिहिलं होतं, खोडून 'संमती न घेता' केलं. सर म्हणाले, "असं लिहू नका सिस्टर, तुमच्यावरच येईल." परत दिला. मी पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

१३, शुक्र.
मीरा एकटीच आली, घाईत. दिवस राहू नयेत म्हणून तीन महिन्यांचं इंजेक्शन मागितलं. "पण ह्या बारीला कुठंच लिहू नका."
इंजेक्शनं मोजून येतात, दिलं की नाव आणि आयडी टाकावाच लागतो. तिला तसं सांगितलं. न लिहिता दिलं आणि उद्या तिला काही त्रास झाला तर पुढच्या डॉक्टरला कळणार कसं, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, इंजेक्शन न घेताच उठली.
"मंगळवारी येते," म्हणाली. "तवर काय करता येतंय बघा तुमी."