उशिरा आलेला आक्षेप

सफाक्स, ९ जानेवारी १९९४

चि. सुंदुस हिस अनेक दुवा, वि. वि.
इकडे सगळे सुखरूप. उम्मीने आईच्या मायेने तुझ्यासाठी हरिसाच्या तिखट चटणीची बरणी भरून ठेवलीय.

तुमच्या समितीचा गॅस हीटरच्या मानकाचा मसुदा वाचला. खोलीतली हवा कोंदली की हीटर आपोआप विझावा, हे कलम आम्हा लहान कारखानदारांचा जीव घेईल. सगळे साचे बदलावे लागतील. मानक ऐच्छिक आहे म्हणतेस; पण शिक्का नसलेला हीटर उद्या कोण विकत घेणार? आक्षेप सोबत आहे. मुदत ५ तारखेला संपली, ठाऊक आहे. सचिवबाई, पोचेवर ४ तारीख घाला. भावासाठी एवढं कराच.

तुझा भाई,
मुन्सिफ


ट्युनिस, १५ जानेवारी

ती. भाईस सलाम, वि. वि.
पोच १४ तारखेची आहे आणि तशीच राहील. आक्षेप माझ्या भावाचा आहे, हेही अध्यक्षांना सांगून टाकलं. एकाची तारीख फिरवली, तर बाकीच्यांनी माझ्या सहीवर विश्वास का ठेवावा? अध्यक्ष म्हणाले, उशिरा आला तरी ऐकू. सगळ्यांचं ऐकल्याशिवाय मानक ठरत नाही. ३ फेब्रुवारीला येऊन स्वतः मांड.

माझं नाव काढलं की जेवणावरून उठतोस, असं उम्मी म्हणते. ऊठ, पण जेवून ऊठ. लोभ कमी करू नकोस.

सुंदुस


सफाक्स, २५ जानेवारी

सुंदुस,
मायना लिहायला हात वळत नाही. आपल्या कारखान्यातला जोडारी अम्मार, त्याच्या मुलीला, रीमला, लग्नात मी आपला हीटर दिला होता. थंडी म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं. नवरा सावरला. रीमने चौथ्या दिवशी, काल, डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, हीटर कुठला? मी म्हणालो, माझा.

३ तारखेला येतो. आक्षेप फाडू नकोस.

मुन्सिफ


सफाक्स, २० मार्च

चि. सुंदुस हिस दुवा, वि. वि.
इतिवृत्त मिळालं. नुसतं 'आक्षेप मागे घेतला' न लिहिता कारणही लिहिलंस, माझ्या नावासकट. बरं केलंस. बैठकीत माझा आक्षेप वाचताना तुझा आवाज हलला नाही.

विकलेले हीटर परत मागवतोय. रीम आता चालते. काल अम्मार कामावर आला. तुमच्या कलमातला नवा भाग त्यानेच हीटरला बसवला. चाचणीची खोली बंद करून आम्ही दोघं काचेतून बघत उभे राहिलो. अकराव्या मिनिटाला ज्योत विझली. अम्मार तिथेच खाली बसून रडला. मीही बसलो.

तुझा भाई,
मुन्सिफ