पहिली सही

कुंदन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

सोमवारी भेस्तानहून आम्ही चाळीस बायका कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनाला समुद्रावर आलो, तर दरवर्षीच्या वाटेवर रिसॉर्टचं लोखंडी फाटक, आणि फाटकात वर्दी घालून तू. सख्ख्या बहिणीला परक्यासारखं गुजरातीत म्हणालास, "बेन, प्राइवेट छे, पाछा जाओ." आक्का म्हणायला जीभ झडली होती? म्हातारी शकूबाई विचारत राहिली, "आते कानबाईले कोठे लई जाऊत?" तू फाटकाबाहेरच्या प्लास्टिकच्या टाकीकडे बोट केलंस. समोर एवढा समुद्र गाजतोय आणि आमची कानबाई टाकीत!

सगळ्यांदेखत तुला वाट्टेल ते बोलले. एक मात्र गिळलं. उन्हाळ्यात रिसॉर्टचा माणूस कागद घेऊन आमच्या गल्लीत आला होता. या वाटेवर फाटक बसवायला आमची हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं होतं. बायकांना मात्र सांगितलं, रस्ता पक्का होणार आहे, करा सह्या. पहिली सही माझीच. ठरल्याप्रमाणे आठ दिवसांत तुला वर्दी मिळाली.

उद्या कलेक्टर कचेरीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. वाट मोकळी होईल की नाही, देव जाणे. तुझी नोकरी मात्र नक्की जाईल.

म्हणूनच हे पत्र तुला देणार नाही. वाचून तू एकदा जरी "आक्का" म्हणालास, तर माझे पाय घरातच थांबतील.

मालतीआक्का