पहिल्या गिअरवर

कोल्हापूर, १२ जानेवारी १९६१

ती. आईस काशिनाथचा नमस्कार.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे? भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली की कळव. दादाच्याच सायकलने येईन. काळजी करू नकोस, मागच्या चाकाच्या हबमध्ये तीन गिअर आहेत, लांबच्या वाटेलाही पाय भरून येत नाहीत.

गेल्या खेपेस वळणावर त्या हबची टिकटिक ऐकून तू "सहदेव इलो!" म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन धावलीस. दादाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मला बघून तांब्या तसाच परत नेलास.

तुझी चूक नाही, आई. या वेळी वळणापासून पहिल्या गिअरवर येईन. त्यात टिकटिक होत नाही. दारात येऊन मीच हाक मारीन. तेव्हा माझ्यासाठी पाणी आण.

तुझा धाकटा,
काशिनाथ