म्हणे मूळव्याध

मंगळवार, दिवेलागण

आबांना कोणी विचारलं होतं? थोरले दीर झाले म्हणून माझ्या नवऱ्याचा रोगही तेच ठरवणार?

आता माझ्या पोराला, सुनीलला, शौचातून रक्त जातंय. पोरगं चाळिशीचंही नाही, आणि इतकं वाळलंय की पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंय. आज धुळ्याला दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का? अशा रोग्यांची देशभराची नोंद ठेवतात. आता तरण्या माणसांतही दिसतोय." मी तोंड उघडते तोच आबा म्हणाले, "नही बाई, मना भाऊले मूळव्याध व्हती."

मूळव्याध! जळगावला ह्यांचं आतडं कापलं, पोटाला शौचाची पिशवी लावली, ती ह्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत मीच धूत होते. पण आबांच्या नातीची चाळीसगावला सोयरीक जुळतेय, मग घरात कॅन्सर कसा चालेल? घरोघर असा एक आबा बसला असेल, तर देशाची नोंद काय डोंबलाची खरी होणार?

बाई दुर्बिणीने तपासू म्हणाल्या. सुनील हसला. "माय, ऐकलं ना? बापासारखी मूळव्याधच शे, दुर्बीण कशाले?" आणि तपासणी न करताच उठला. तेव्हा लहान होता, त्यालाही हेच सांगितलेलं. आणि ते पट्ट्याचं भोक? ते कशामुळे पाडावं लागलं?

मी मात्र दिरासमोर बोलायचं नाही म्हणून पदर ओढून गप्प. कशासाठी? पोरगं घालवायला?

उद्या सुनीलला परत नेणार. आबांना यायचं तर येऊ देत. पण घरात कोणाला काय झालं होतं, ते बाईंनी मला विचारायचं, आणि सांगायचं मीच. दुसऱ्या कोणी मधे बोलायचं नाही.