बेचाळिसावी हरकत

॥ श्री ॥

बडोदे, रविवार, १८ जानेवारी १९९८

चि. उत्कर्ष यास वसंतमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझी प्रकृती कशी आहे? बंगलोरची हवा म्हणे बाराही महिने चांगली असते. (हवा चांगली असली की माणूस आजारी पडत नाही आणि आजारी पडला नाही की त्याला घर आठवत नाही, हे मी तुझ्या पत्रांच्या संख्येवरून ताडलं आहे.) तिळगूळ वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. लाडू दगड झाले आहेत, पण त्यात तुझ्या आईचा दोष नाही, पाकाकडे मी बघत होतो. उत्तरायणात या वर्षीही माझ्या एकाही पतंगाने शेजारची गच्ची ओलांडली नाही. दोन बोटं मात्र मांज्याने कापली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आता तुझ्या बाबांच्या वर्धीविषयी. ती या महिन्यात जाता जाता राहिली, आणि पुरती राहिली असंही अजून म्हणता येत नाही. कंपनीने दाजींना स्वेच्छानिवृत्ती दिली (स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती दाजींची) त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून घडियाळी पोळ ते समा अशी शाळेच्या मुलांची ने-आण, म्हणजे आपल्या बडोद्याच्या भाषेत वर्धी, करण्यात हा माणूस जितका रमला आहे, तितका तो कारखान्यात एकतीस वर्षांत एक दिवसही रमला नव्हता. हे तुला पटत नाही, मला माहीत आहे. दिवाळीत तू आला होतास तेव्हा ‘एकसष्टाव्या वर्षी कसली वर्धी, माझ्याकडे या, बाल्कनीत बसा’ यावरून तुमचं जे झालं ते भिंतीपलीकडून मी ऐकलं. (ऐकायचं नव्हतं. पण भिंत जुनी आहे आणि आवाज दोघांचाही एकाच खाणीतला.)

तर झालं असं, की सप्टेंबरात सरकारला अचानक शोध लागला की या शहरात गाड्या धावतात, पण त्या कोण चालवतं, कुठून कुठे आणि कशासाठी, याची सरकारदरबारी काही नोंदच नाही. ताबडतोब ‘वाहतूक माहिती संकलन कक्ष’ नावाचा एक कक्ष उघडला, त्यात चार टेबलं आणि एक पंखा बसला, आणि रिक्षावाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना सहा पानी फॉर्म गेले. दाजींचा फॉर्म अर्थातच मी भरायला बसलो. विद्यापीठाच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला फॉर्म दिसला की घोड्याला हरभरा दिसल्यासारखं होतं. एक प्रश्न होता, प्रवाशांचा प्रकार कोणता: माणसे, माल की जनावरे? यांपैकी एकावर खूण करा. दाजींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘वसंतराव, जाताना माणसं असतात, येताना जनावरं. कशावर करू?’’ पुढचा प्रश्न, परतीच्या रिकाम्या फेरीत वाहन काय आणते? त्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘मेथी. ताजी असल्यास.’

इथवर सगळं सुरळीत होतं. पण डिसेंबरात वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली की सदर वाहनचालकांविषयी नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना एक महिन्यात विहित पत्रकावर द्याव्यात. अपूर्ण पत्रके विचारात घेतली जाणार नाहीत. आपल्या पोळीतल्या घरोघर ही बातमी पसरली आणि सगळ्यांना दाजींच्या प्रेमाचं भरतं आलं. आपल्या वर्धीवाल्या काकांसाठी चांगले चार शब्द सरकारच्या कानावर घालायचे, असं ठरलं. पत्रकांचा गठ्ठा मी आणला. फत्तेसिंहरावांच्या ओट्यावर टेबल मांडलं. फत्तेसिंहरावांना तू विसरला नसशील. वय अठ्ठ्याहत्तर, पहिली नऊ वर्षं संस्थानच्या दप्तरात, पुढची सरकारी दप्तरात, आणि निवृत्तीनंतरची वीस वर्षं इतरांच्या कागदांत. पत्रकावर दोनच रकाने होते. एक हरकतीचा, दुसरा सूचनेचा. स्तुतीचा रकानाच नव्हता. (सरकार स्तुतीची अपेक्षा ठेवत नाही, सरकारच्या प्रामाणिकपणाचं हे एक उदाहरण मला सापडलं आहे. दुसरं सापडलं की कळवीन.) लोकांनी बिचाऱ्यांनी सूचनेच्या रकान्यात ‘यांनाच चालू ठेवावे’ असं लिहिलं आणि हरकतीचा रकाना कोरा सोडला. फत्तेसिंहरावांनी पहिलाच कागद चष्म्याखाली धरला आणि परत केला. ‘‘रकाना कोरा? मग हा कागद अपुरा. आणि अपुरा कागद म्हणजे न दिलेला कागद.’’

दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी या म्हाताऱ्याला चहा पाजून गप्प केलं असतं. पण आपण बडोद्याचे मराठी लोक. आपल्या तीन पिढ्या कुठल्या ना कुठल्या कचेरीत गेल्या. आपण देवाला एक वेळ फसवू, कागदाला नाही. शिवाय मी तिथे होतो. मी काय करावं? मी सगळ्यांना समजावून सांगितलं की फत्तेसिंहराव म्हणतात ते बरोबर आहे; तेव्हा प्रत्येकाने एखादी लहानशी, निरुपद्रवी हरकत आठवून लिहावी, म्हणजे पत्रक पूर्ण होईल आणि दाजींच्या बाजूने धरलं जाईल. लोक ओट्यावर बसून डोकं खाजवू लागले. या माणसाविषयी हरकत शोधणं सोपं नव्हतं रे. पण शोधली. कर्तव्य म्हणून शोधली. सगळ्या मिळून एक्केचाळीस.

निकाल असा लागला की कक्षाने हरकती मोजल्या. सूचना मोजायचं खातं बहुधा अजून उघडायचं आहे. शहराच्या आमच्या भागात ज्यांच्या गाड्यांना दार सुतळीने बांधलेलं असतं, जे बाराच्या जागी बावीस मुलं कोंबतात, त्यांच्याविरुद्ध एकही हरकत नाही. कारण त्यांच्यावर प्रेम करून पत्रक भरणारं कोणी नव्हतं. दाजींच्या नावावर एक्केचाळीस, आणि एक टपालाने आलेली, बेचाळीस. ‘आपला परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याची सुनावणी सोमवार दि. १२ रोजी’ असा लखोटा आला. दाजींनी तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. जेवले नाहीत. ताईला म्हणाले, पोट जड आहे. पाच वर्षांत प्रथमच त्या रात्री त्यांनी सकाळसाठी गाडी पुसली नाही. मी पलीकडून ऐकत होतो, नेहमीचा बादलीचा आवाज आला नाही.

सुनावणीला दाजी इस्त्रीचा सफारी घालून उभे, मी शेजारी, मागे बाकावर निम्मी पोळ. साहेब गुजराती, तरुण, चेहऱ्यावरून सज्जन. (कक्ष तात्पुरता होता, म्हणून सज्जन माणूस नेमला असावा.) त्यांनी गठ्ठा ओढला आणि एकेक हरकत मोठ्याने वाचायला घेतली. पहिली कांचनताईंची: काका गाडीत मुलीच्या सुटलेल्या वेण्या पुन्हा घालतात आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या येतात, त्यामुळे मुलगी मला बोलते. साहेब थांबले. दाजींकडे पाहिलं. दाजी गंभीरपणे म्हणाले, ‘‘खरं आहे साहेब. पण रिबिनी त्यांच्याच असतात.’’ दुसरी रिफायनरीतल्या नंदूची, ज्याची जुळी आहेत: रविवारी गाडी येत नाही, तरी पोरं पहाटेच बूट घालून दारात बसतात, घरच्यांची झोप जाते. तिसरी गाडीतल्या छोट्या मनालीने स्वतः पेन्सिलीने लिहिलेली: काकांची गोष्ट पुरी होत नाही, मधेच शाळा येते. फत्तेसिंहरावांची: हॉर्न फार हळू, आमचं घड्याळ त्यावर लावलेलं असतं. आणि सव्विसावी कोणाची म्हणशील? तुझ्या आईची. रांगेत उभी राहून दिलेली. ‘डब्यातली पोळी-भाजी मुलांना वाटून टाकतात आणि घरी येऊन भूक नाही असं खोटं सांगतात. थंडीत स्वेटर घालत नाहीत.’ साहेबांनी विचारलं, ‘‘आ बेन कोण?’’ दाजी म्हणाले, ‘‘मंडळी.’’ मागच्या बाकावर हशा पिकला, साहेबांनी चष्मा काढून पुसला, चहा मागवला, आणि मला वाटलं, वसंतराव, जिंकलो.

मग त्यांनी बेचाळिसावी उघडली.

ती पत्रकावर होती, पण आपल्या ओट्यावरची नव्हती. (एक कोरं पत्रक डिसेंबरात गंमत म्हणून मीच तुला पाठवलं होतं.) खाली नाव नाही, ‘एक बडोदेकर नागरिक’ एवढंच. (बडोदेकर नागरिकाच्या पाकिटावर बंगलोरचा शिक्का होता. तू कॉम्प्युटरमध्ये हुशार आहेस असं ऐकतो. गुन्हेगारीत पडू नकोस.) साहेबांनी वाचलं: चालकाचे वय एकसष्ट आहे. डाव्या डोळ्याने त्यांना धुरकट दिसते, ते कोणाला सांगत नाहीत. दिवाळीत समाच्या वळणावर रिकामी गाडी डाव्या बाजूने कठड्याला घासली. घरी सांगताना सायकलवाला आडवा आला असे सांगितले. सायकलवाला नव्हता. मुलांच्या आणि त्यांच्या जिवासाठी त्यांना थांबवावे. ते दुसऱ्या कोणाचे ऐकत नाहीत.

मागच्या बाकावरून ताई माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवशी गाडीत दोघंच होते, एक दाजी आणि दुसरा कोण, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दाजींनी हात पुढे करून तो कागद मागितला. आधी लांब धरला, मग जवळ, मग उजव्या डोळ्यासमोर नेऊन शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला. मी जन्मभर लोकांच्या फजितीवर पोट भरलेला माणूस, सोळा दिवाळी अंकांत टिंगलीचे लेख लिहिले, पण त्या दोन मिनिटांत मला कुठे बघावं ते सुचेना. मग दाजी म्हणाले, ‘‘साहेब, त्या एक्केचाळीस हरकतींना माझ्याजवळ उत्तर आहे. याला नाही. हे खरं आहे.’’ साहेबांनी विचारलं, कोणी लिहिलंय ते ओळखता का? दाजी म्हणाले, ‘‘घरचाच माणूस असणार. परका एवढा बारकाईने बघत नाही.’’

साहेबांनी परवाना ठेवला. एक महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरचा दाखला आणायचा, या अटीवर. बाहेर येऊन दाजी गाडीत बसले, पण चावी फिरवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवले आणि मला विचारलं, ‘‘वसंतराव, पोरगा सरकारला लिहितो. मला का नाही लिहिलं?’’

मी म्हटलं, ‘‘दाजी, त्याने तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही त्याला ताटावरून उठवलंत.’’ दाजी म्हणाले, ‘‘त्या कठड्यापाशी मला बाजूला बसवून त्याने स्वतः गाडी घरी आणली. चांगली आणली.’’ बस, एवढंच. पण उत्कर्षा, ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला कागदावर उतरवता येत नाही, आणि मला न उतरवता येणाऱ्या गोष्टी मी फारशा पाहिलेल्या नाहीत.

शुक्रवारी डोळे तपासले. डाव्यात पिकलेला मोतीबिंदू. डॉक्टरांनी गाडीला हात लावायला बंदी केली आहे. ऑपरेशन झालं की दिसेल, दाखला मिळेल, वर्धी पुन्हा चालू होईल असं म्हणतात. तू लिहिलंस ते योग्यच लिहिलंस, हे मी मामा म्हणून सांगतो. ज्याला लिहिलंस तो मात्र चुकीचा. सरकारला काय कळतं? त्याने मेथीची नोंदसुद्धा ‘इतर माल’ म्हणून केली.

ताईचा आशीर्वाद. स्वतःला जप, वेळेवर जेव. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
वसंतमामा

ता. क. ऑपरेशन गुरुवार, ५ फेब्रुवारीला आहे. दाजींनी बजावलं आहे की त्याला कळवू नका, त्याला तिकडे मोठी कामं असतात. म्हणून मी कळवत नाही, हे फक्त लिहितो आहे.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. उद्यापासून नंदू गाडी चालवणार आहे, कारण त्याला दुपारपाळी आहे. दोन तारखेपासून त्याची सकाळपाळी लागते. मी सायकलच्या पुढे कधी गेलो नाही. महिनाभर गाडी उभी राहिली तर आईबाप मुलांची दुसरी सोय करतील. त्यांचाही इलाज नाही. आणि डोळा बरा होऊन दाजी खाली येतील तेव्हा गाडीत बसायला कोणी नसेल. तुझ्याजवळ लायसन्स आहे आणि ही गाडी तू याच माणसाकडून शिकला आहेस. महिनाभराची रजा काढ. पत्र मिळाल्याचं बोलू नकोस. रजा उरली होती म्हण. त्यांना खोटं कळेल, पण ते विचारणार नाहीत.

ता. क. तिसरा. गाडीचा तिसरा गिअर पडत नाही, दुसऱ्यातून थेट चौथ्यात जावं लागतं. फॉर्मवर ‘यांत्रिक स्थिती’ पुढे ‘उत्तम’ लिहिलं आहे ते माझ्या हातचं आहे.

ता. क. शेवटचा. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गाडीत बसून समापर्यंत गेलो. वळण आलं तशी डाव्या बाकावरची सहाही मुलं खिडकीला नाक लावून बाहेर बघायला लागली आणि रस्ता मोकळा दिसताच एका सुरात ओरडली, ‘‘काका, खाली छे! जवा दो!’’ तेव्हा दाजींनी गाडी वळवली. मी विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून आम्ही रोज सांगतो, काकांना तिकडचं दिसत नाही ना. त्यांना हे कोणीही सांगितलेलं नव्हतं, दाजींनी तर नाहीच. तुझे दोन्ही डोळे चांगले आहेत, मला माहीत आहे. तरी त्या वळणावर जरा थांब, आणि त्यांना ओरडू दे.