बेडश्याचा बेल-भंडार

लोणावळे,
ता. ९ नोव्हेंबर १९३९

प्रिय सोपान,

तुझ्या पत्राविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. तुझ्या नावाचा छापील कागद फार जाड आहे. त्याची सुरळी होत नाही, त्यात तंबाखू बांधता येत नाही, आणि कोपरा जाळून पाहिला तर चुलीलाही तो नको आहे. पंधरा वर्षं मी इथल्या बाजारात बसून लोकांचे अर्ज लिहितो. सरकारी उत्तरं शेकड्यांनी पाहिली. पण इतक्या उंची कागदावर इतका थोडा मजकूर पहिल्यांदाच पाहिला. ‘बेडसे येथील साकवाची बाब विचाराधीन आहे.’ खाली तुझी सही, नावाला ‘राव’ आणि पुढे लोकल बोर्डाचं सभासदत्व.

इकडे सगळं ठीक. भाताची कापणी चालू आहे. तळेगावच्या शाळेत आपण ज्या बाकावर बसायचो तो मोडीत निघाला असं ऐकलं. तुझी प्रगती आणि त्याची, दोन्ही एकाच सुमाराची.

निवडणुकीच्या आधी आपण बेडश्याला गेलो होतो, ते तुझ्या ध्यानात असेलच. तुझ्या पक्षाचं नाव तिथं कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. जाहीरनामा मी वाचून दाखवला, चांगला पाऊण तास. गेणूभाऊनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, “ते समदं ऱ्हाऊ द्या. वड्यावर साकव घालनार का न्हाई, तेवढं बोला.” लहानसा पूलच तो; तू घालणार म्हणालास. मग कस्तुराबाई देवळातून ताटलीत बेल-भंडार घेऊन आली. रीत तुला माहीत आहे: बेलाचं पान आणि हळद हातात धरून दिलेला शब्द मोडायचा नाही, मोडलाच, तर ज्यानं उचलला त्यानं देवळात येऊन तसं सांगायचं. गावच्या एकेचाळीस मतदारांनी तुझ्यासाठी उचलला. तुझी पाळी आली तेव्हा चष्मा पुसत तू म्हणालास, मी असल्या गोष्टी मानत नाही. मला तुझा अभिमान वाटला. म्हटलं, गडी सुधारक झाला. कस्तुराबाईनं मात्र ताटली खाली ठेवली नाही. “मंग आमी कुनाच्या जिवावर मत द्यायचं?” तिचा प्रश्न रास्त होता. म्हणून तुझ्या वतीनं मी उचलला.

एकेचाळीसच्या एकेचाळीस मतं तुला पडली. दर उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची, त्यात तुझी पिवळी निघाली, भंडाऱ्याच्या रंगाची. कस्तुराबाईनं मत टाकून पेटीला हात जोडले आणि पेटीवरचा अधिकारी गोंधळून उठून उभा राहिला. तू त्या दिवशी हे तीनदा सांगून हसलास. मीही हसलो.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. यंदा ऐन पावसात कस्तुराबाईच्या सुनेला दिवस भरले आणि मूल अडलं. खाटेवर घालून तिला दवाखान्यात न्यायला निघाले, तर ओढा दुथडी. दीड दिवस खाट अलीकडच्या काठावर, वर इरली धरून माणसं उभी. सून वाचली. मूल नाही वाचलं. हे मला गेणूभाऊकडून कळलं. कस्तुराबाई नंतर माझ्याकडे सातबाऱ्याच्या कामाला आली तेव्हा यातलं काही बोलली नाही. फक्त, बारा वर्षं मी लिहीन त्यावर न ऐकता अंगठा उठवणारी ही बाई तो अर्ज घेऊन समोरच्या किराणा दुकानात गेली, दुकानदाराकडून वाचून घेतला, आणि मग अंगठा उठवला. मी विचारलं, “मावशी, काही चुकलं का?” म्हणाली, “न्हाई भाऊ. बराबर लिवलंय. आता आमी इचारून घेतो, एवढंच.”

सोपान, लोक पक्षाला मत देत नाहीत. ओळखीच्या तोंडाला देतात. बेडश्यात तुझं तोंड कुणी ओळखत नव्हतं; माझं ओळखत होते. तू भंडार उचलला नाहीस तेव्हा मला तू सुधारक वाटलास. आता वाटतं, तू फक्त सावध होतास.

म्हणून गेल्या सोमवारी बेडश्याला गेलो. देवळात सगळ्यांसमोर सांगितलं की शब्द मी दिला होता, तो खोटा ठरला, आणि तुमचा शब्द तुम्हाला परत. पुढच्या खेपेला हवं त्याला मत द्या. गेणूभाऊ म्हणाला, “खोटं तुमी बोलला का त्यो?” मी म्हणालो, भंडार माझ्या हातात होता. मग तिथंच बसून साकवासाठी कलेक्टरांना अर्ज लिहिला. त्यात तू काय कबूल केलंस आणि काय केलं नाहीस, ते तारखांसकट आहे. ‘कृपावंत होऊन’ असं सवयीनं लिहून गेलो, तर कस्तुराबाईनं थांबवलं. “किरपा कशाला? मत दिलंय की आमी.” ते खोडलं. अर्ज उद्याच्या टपालानं जाईल. अक्षर तू ओळखशील. ते दुसऱ्याच्या टेबलावर दिसण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. शब्द मोडल्याबद्दल देवळानं मला एक नारळ दंड सांगितला. मी गेणूभाऊच्या वाडीतून तो विकत घेतला, देवापुढे ठेवला आणि अंधार पडायच्या आत कामशेत स्टेशनची वाट धरली.

अजून तरी तुझाच,
हौशीराम